ग्रेन्डेलच्या हाताचा हिशोब

‘बेवुल्फ’ या जुन्या इंग्रजी काव्यातल्या ग्रेन्डेल नावाच्या राक्षसाकडे जायचंय, पण वाट कायद्यातून जाते. इंग्लंडच्या आग्नेय कोपऱ्यात केंट नावाचं राज्य होतं. तिथल्या एथेल्बर्ट राजाने इ.स. ६०० च्या सुमारास कायदे लिहून काढले. इंग्रजी भाषेत लिहिलेले ते सगळ्यात जुने कायदे, आणि त्यांत बोटांचे भाव दिलेले आहेत. कुणाचा अंगठा तोडला तर २० शिलिंग. मधल्या बोटाचे ४. अनामिकेला तिथे ‘सोन्याचं बोट’ म्हटलंय, तिचे ६. आणि करंगळीचे चक्क ११. समोरचा दात पाडला तर ६. अख्खा स्वतंत्र माणूस मारला तर १०० शिलिंग. करंगळीला एवढा भाव देणाऱ्याला तलवारीची मूठ धरायची सवय असणार, असा माझा आपला अंदाज.

या भरपाईला वेअरगिल्ड म्हणत. ‘वेअर’ म्हणजे माणूस आणि ‘गिल्ड’ म्हणजे भरणा. इंग्रजी गोष्टींतल्या लांडगा होणाऱ्या माणसाला वेअरवुल्फ म्हणतात, त्यातला ‘वेअर’ तोच. त्या काळी पोलीस नव्हते, सरकारी वकील नव्हते. तुमच्या घरातलं माणूस कुणी मारलं तर हिशोब चुकता करणं तुमच्या भाऊबंदांचं काम. म्हणजे त्यांच्यातला एक मारायचा. मग ते तुमच्यातला एक मारणार, आणि हे हाडवैर नातवंडांपर्यंत चालू राहणार. ते थांबवायचा एक सभ्य मार्ग होता. मारणाऱ्याने ठरलेली रक्कम मोजायची, मेलेल्याच्या घरच्यांनी मान राखून ती घ्यायची आणि प्रकरण मिटवायचं.

हे सगळं आधी सांगितलं, कारण त्याशिवाय ‘बेवुल्फ’ वाचलं तर हाताला फारसं काही लागत नाही. एक पैलवान, तीन राक्षस, खेळ खलास. जुन्या इंग्रजीतलं हे सर्वांत मोठं वीरकाव्य, ३१८२ ओळींचं. कथा थोडक्यात अशी. डेन्मार्कचा राजा ह्रोथगार एक भव्य दालन बांधतो, त्याचं नाव हेओरोट. रात्री तिथे गाणं-बजावणं आणि खाणंपिणं चालतं. बाहेरच्या दलदलीत राहणाऱ्या ग्रेन्डेलला तो आनंद सहन होत नाही. पहिल्याच रात्री तो ३० जण उचलून नेतो आणि पुढे बारा वर्षं हा त्रास चालू राहतो. मग समुद्रापलीकडून, आजच्या दक्षिण स्वीडनमधून, गेआट जमातीचा तरुण बेवुल्फ चौदा साथीदार घेऊन येतो आणि ग्रेन्डेलला मारतो. ग्रेन्डेलची आई सूड घ्यायला येते, तिलाही मारतो. परत जातो, राजा होतो, पन्नास वर्षं राज्य करतो. म्हातारपणी एका आग ओकणाऱ्या ड्रॅगनशी लढताना ड्रॅगनला मारतो आणि स्वतः मरतो.

इंग्रजीतल्या या काव्यात इंग्लंड जवळजवळ नाहीच. अँग्लो-सॅक्सन लोक पाचव्या शतकात उत्तर जर्मनी आणि डेन्मार्कच्या बाजूने ब्रिटनमध्ये आले. ही त्यांनी मागे सोडलेल्या मुलखाची गोष्ट. सांगणारा कवी ख्रिस्ती आहे आणि ज्यांची गोष्ट सांगतोय ते जुने देव मानणारे. त्याला त्या पूर्वजांचा अभिमान आहे आणि ते नरकात गेले असतील याची धास्तीही आहे. काव्यातला बराचसा ताण इथून येतो.

आता ग्रेन्डेलकडे. तो बायबलमधल्या आदमचा मुलगा केन, म्हणजे सख्ख्या भावाचा खून करणारा पहिला माणूस, त्याच्या वंशातला आहे असं कवी सांगतो. तो दिसतो कसा, हे मात्र नीट सांगतच नाही. डोळ्यांत आगीसारखा घाणेरडा उजेड आहे, नखं पोलादासारखी आहेत, बस. शेपूट, शिंगं, काही नाही. मग त्याचा राक्षसपणा कशात? दीडशेव्या ओळीच्या पुढे कवी एक वाक्य टाकतो आणि माझ्या मते सगळं काव्य त्यावर उभं आहे. ग्रेन्डेलला कुणाशीही समेट नको होता, पैसे मोजून वैर मिटवायची त्याची तयारी नव्हती, आणि दरबारातल्या कुणा शहाण्याने त्या मारेकऱ्याच्या हातून लखलखीत भरपाई मिळेल अशी आशा धरायचं कारण नव्हतं.

आज वाचताना हसू येतं. माणसं खाणारा राक्षस, आणि तक्रार काय, तर दंड भरत नाही! पण केंटच्या कायद्यातले ते भाव आठवा. ज्या समाजात खूनही हिशोबात बसतो, तिथे हिशोबाबाहेरचा प्राणी हाच खरा राक्षस. तो मारतो म्हणून नव्हे, मारणारे तर सगळेच आहेत. तो मारतो आणि मिटवायला बसत नाही.

आणि ‘मारेकऱ्याचा हात’ हे शब्द कवीने सहज टाकलेले नाहीत. बेवुल्फ ठरवतो, की ग्रेन्डेल हत्यार वापरत नाही तर आपणही वापरायचं नाही. बेवुल्फच्या पंज्यात ३० माणसांचं बळ आहे. पहिल्या रात्री नेलेली माणसंही ३०, हे लक्षात घ्या. अंधारात झटापट होते, बाकं मोडतात, आणि बेवुल्फ ग्रेन्डेलचा हात खांद्यापासून उपटून काढतो. मग तो हात छपराखाली टांगून ठेवतात. सकाळी लोक लांबून लांबून येतात आणि मान वर करून एकेक नख बघतात. जो हात एक कवडी देणार नव्हता, तो हातच वसूल झाला. दुसऱ्या रात्री ग्रेन्डेलची आई येते, राजाचा सगळ्यात लाडका सल्लागार उचलते आणि जाताना तो हातही घेऊन जाते.

कडी देणारा

हे काव्य डोळ्यांनी वाचण्यासाठी नव्हतं. दरबारात स्कॉप म्हणजे शाहीर असायचा, तो तंतुवाद्यावर अशी काव्यं ऐकवायचा. ‘बेवुल्फ’चा पहिला शब्दच आहे ‘ह्वॅट!’, म्हणजे ‘ऐका हो!’. यमक नाही. प्रत्येक ओळीचे दोन तुकडे, मध्ये दम घ्यायला जागा, आणि दोन्ही तुकडे एकाच अक्षराने शिवलेले. मराठीत करून दाखवायचं तर ‘वादळी वाटेने, वीर निघाला’ असं काहीतरी. चार ठोके, त्यांपैकी तीन ‘व’चे, चौथा मोकळा. साध्या वस्तूंना जोडशब्दांची नावं देण्याची या कवींना भारी हौस. समुद्र म्हणजे ‘देवमाशाची वाट’. शरीर म्हणजे ‘हाडांचं घर’. तलवार म्हणजे ‘लढाईचा उजेड’. आणि राजा म्हणजे ‘कडी देणारा’.

कडी म्हणजे दंडात घालायची सोन्याची कडी. राजाने लुटीतलं सोनं आपल्या माणसांना वाटायचं, त्यांना दालनात जेवू घालायचं, मधाची दारू पाजायची. त्यांनी त्याच्यासाठी लढायचं आणि वेळ आली तर त्याच्याशेजारी मरायचं. याला मराठीत नेमका शब्दप्रयोग तयारच आहे: खाल्ल्या मिठाला जागणं. रोमन इतिहासकार टॅसिटसने इ.स. ९८ मध्ये जर्मन टोळ्यांबद्दल लिहिताना हेच नोंदवलं होतं, की सरदार पडला आणि आपण जिवंत परत आलो तर जन्मभराची नामुष्की.

ही देवाणघेवाण काव्यात किती काटेकोर आहे ते घोड्यांवरून दिसतं. ग्रेन्डेलला मारल्यावर ह्रोथगार बेवुल्फला सोन्याने विणलेलं निशाण, शिरस्त्राण, चिलखत, तलवार आणि आठ घोडे देतो. बेवुल्फ घरी जातो आणि त्यातले चार घोडे आपल्या मामाला, म्हणजे ह्यूगेलाक राजाला देतो. निशाण, शिरस्त्राण, चिलखत, तलवारही त्यालाच. तीन घोडे राणीला. आठातले सात गेले! पण मामा त्याला वडिलोपार्जित सोन्याची तलवार, मोठी जहागीर आणि स्वतंत्र दालन देतो. सोनं साठवायचं नसतं, फिरवायचं असतं. फिरलं की माणसं बांधली जातात.

बेवुल्फ मुळात परक्या राजासाठी जीव धोक्यात का घालतो, याचंही उत्तर हिशोबातच आहे. त्याच्या बापाने पूर्वी दुसऱ्या जमातीतला एक माणूस मारला होता आणि ते वैर ह्रोथगारने स्वतःच्या खजिन्यातून पैसे भरून मिटवलं होतं. हे ह्रोथगार स्वागताच्या भाषणातच सांगून टाकतो. आणि लढाईच्या रात्री ग्रेन्डेलने बेवुल्फचा एक साथीदार खाल्ला, त्याची भरपाईही ह्रोथगारच सोन्यात मोजतो. राक्षसाने बुडवलेलं देणं यजमानाने भागवलं.

हे सोनं नुसतं कवीच्या डोक्यातलं नव्हतं. १९३९ साली इंग्लंडच्या सफोक परगण्यात सटन हू इथे एक टेकाड खणलं, तेव्हा आत २७ मीटर लांबीच्या जहाजाचा ठसा मिळाला. लाकूड कुजून गेलेलं, पण खिळे जागच्या जागी आणि वाळूत फळ्यांचे वळ उमटलेले. सातव्या शतकातली ही थडग्याची जागा. तिथलं शिरस्त्राण जोडून उभं केलं तेव्हा त्याच्या भुवयांच्या टोकांना रानडुकरांची मुंडकी दिसली, आणि बेवुल्फच्या माणसांच्या शिरस्त्राणांवरही रानडुकरंच आहेत. त्या काळच्या इंग्लंडमधल्या सोन्याच्या दागिन्यांत जे लाल गार्नेटचे खडे बसवलेत, त्यांतले काही भारत-श्रीलंकेकडून गेलेले आहेत. देवमाशाची वाट बरीच लांबवर पोचत होती.

आतले राक्षस

ग्रेन्डेलची आई हे माझं या काव्यातलं सगळ्यात आवडतं पात्र, आणि तिला स्वतःचं नावही नाही. विचार करा, तिने चूक काय केली? मुलगा मारला गेला, ती आली, एका जिवाच्या बदल्यात एक जीव घेतला आणि गेली. तीस नव्हे, एक. हाडवैराच्या कायद्याने तिचं वागणं चोख आहे. बेवुल्फ स्वतः दुसऱ्या दिवशी राजाला सांगतो, की रडत बसण्यापेक्षा आपल्या माणसाचा सूड घेणं बरं. तीही तेच करत होती! पाण्याखालच्या गुहेत तो तिच्याशी लढतो तेव्हा उसनी आणलेली नामांकित तलवार तिच्यावर चालत नाही. भिंतीवरची राक्षसांच्या काळातली तलवार घेऊन तो तिला मारतो, आणि रक्त लागताच ते पातं वसंतातल्या बर्फासारखं वितळून जातं. हातात उरते फक्त मूठ.

जुन्या इंग्रजीत ‘आग्लॅका’ असा एक शब्द आहे. कवी तो ग्रेन्डेलसाठी वापरतो, ड्रॅगनसाठी वापरतो, आणि बेवुल्फसाठीही वापरतो. भाषांतरकार एका ठिकाणी ‘राक्षस’ लिहितात आणि दुसऱ्या ठिकाणी ‘वीर’. मुळात शब्द एकच. ज्याला पाहून छातीत धडकी भरते, असा कुणीतरी.

म्हातारा ह्रोथगार हे ओळखून आहे. बेवुल्फ ती मूठ त्याच्या हातात देतो तेव्हा तो शाबासकी देता देता एकदम हेरेमोड नावाच्या जुन्या राजाची गोष्ट काढतो. हेरेमोडही बलवान होता. पण पुढे त्याने आपल्याच पंगतीला बसणारी माणसं मारली आणि डेन, म्हणजे डेन्मार्कच्या लोकांना कडी देणं बंद केलं. दुसरा ग्रेन्डेल व्हायला एवढंच लागतं. ऐन विजयाच्या दिवशी तरुण पोराला ‘बाळा, सांभाळ, तूही असा होऊ शकतोस’ असं सांगणारा म्हातारा सगळ्या दरबारांना मिळत नाही.

दालनात आधीच काय काय बसलेलं आहे तेही पाहा. राजाच्या पायाशी उन्फर्थ नावाचा मानकरी बसतो. बेवुल्फ येताच तो त्याला टोमणे मारतो आणि बेवुल्फ उलट सुनावतो, की तू तर स्वतःच्या भावांना मारलंस. म्हणजे केनचं पाप करणारा एक जण बाहेर दलदलीत नाही, आत राजाच्या पायाशी आहे, हातात पेला घेऊन. आणि हेओरोटचं बांधकाम पूर्ण झाल्याचं सांगतानाच कवी सांगून टाकतो, की हे दालन एक दिवस जळणार आहे, आणि तेही राक्षसामुळे नव्हे तर सासरा-जावयाच्या वैरामुळे.

वैर मिटवायला सोयरीक करायची ही पद्धत इथेही होती. दुसऱ्या टोळीत दिलेल्या मुलीला ‘शांतता विणणारी’ म्हणत. नाव सुंदर आहे. काव्यात मात्र ही वीण पुन्हा पुन्हा उसवते. डेन राजकन्या हिल्डेबुर्ख फ्रिजियनांचा राजा फिन याला दिलेली होती. तिचा भाऊ पाहुणा म्हणून येतो, रात्री जुनं वैर पेटतं, आणि सकाळी तिचा भाऊ एका बाजूने मेलेला, मुलगा दुसऱ्या बाजूने. ती दोघांना एकाच चितेवर, मामा-भाच्याला खांद्याला खांदा लावून ठेवायला सांगते. तिची भरपाई कुणी कुणाला द्यायची? पुढे वैर पुन्हा पेटून नवराही मारला जातो आणि तिला माहेरी ‘परत’ आणतात. हे गाणं दरबारात ग्रेन्डेलवरच्या विजयाच्या जेवणावळीत गायलं जातं, आणि लोक खुशीत ऐकतात.

त्याहून वाईट गोष्ट बेवुल्फच्या आजोबांची. ह्रेथेल राजाच्या एका मुलाचा बाण चुकून दुसऱ्या मुलाला लागला आणि तो मेला. आता सूड घ्यायचा तर बाण सोडणाऱ्या मुलालाच मारायचं. भरपाई घ्यायची तर स्वतःच्याच घरातून. कायदा इथे संपतो. म्हातारा अंथरूण धरतो आणि दुःखाने मरतो. मला वाटतं कवीला या संस्कृतीचा मोठेपणाही ठाऊक होता आणि तिचा जमाखर्च कुठे जुळत नाही, तेही ठाऊक होतं. म्हणूनच त्याने या घरगुती गोष्टी राक्षसांच्या मध्ये मध्ये टाकल्या. बरीच वर्षं अभ्यासक त्यांत डेन्मार्क-स्वीडनचा इतिहास शोधत बसायचे आणि राक्षसांबद्दल जरा ओशाळायचे. १९३६ साली टोल्कीन यांनी, म्हणजे पुढे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणाऱ्या प्राध्यापकांनी, ब्रिटिश अकॅडमीतल्या व्याख्यानात ठणकावून सांगितलं, की राक्षस हेच या काव्याचं केंद्र आहे. तेव्हापासून वाचनाची दिशा बदलली.

जो देत नाही

तिसरा राक्षस ड्रॅगन. त्याची गंमत अशी, की तो तीनशे वर्षं कुणाला काही करत नाही. फक्त सोन्यावर बसून राहतो. ते सोनं एका संपलेल्या जमातीचं. शेवटच्या उरलेल्या माणसाने ते पुरताना म्हटलं होतं, ‘धरणी, आता तूच हे सांभाळ, माणसांना नाही जमलं.’ मग एक पळालेला गुलाम मालकाचा राग शांत करायला त्यातला एक पेला चोरतो, आणि त्या एका पेल्यासाठी ड्रॅगन मुलूख जाळत सुटतो. राजा जर कडी देणारा, तर ड्रॅगन हा न देणारा. ज्या समाजात सोन्याने फिरत राहायचं असतं, तिथे त्यावर अंग टाकून झोपणारा प्राणी म्हणजे उलटा केलेला राजाच.

म्हातारा बेवुल्फ त्याच्याशी एकटाच लढायला जातो. अकरा जण सोबत असतात, त्यांना लांब उभं करतो. तलवार मोडते. आग पाहून साथीदार रानात पळतात, एकटा विग्लाफ नावाचा तरुण थांबतो. तो पळणाऱ्यांना सांगतो, की दालनात मधाची दारू पिताना आपण काय कबूल केलं होतं ते मला आठवतंय. दोघं मिळून ड्रॅगनला मारतात, बेवुल्फ त्याच्या विषाने मरतो. पळालेले दहा जण मान खाली घालून परत येतात तेव्हा विग्लाफ त्यांना म्हणतो, तुमच्या घराण्याला यापुढे तलवार मिळणार नाही, सोनं मिळणार नाही, जमीन राहणार नाही. अशा जिण्यापेक्षा मरण बरं.

मिठाला जागण्याचा हा प्रसंग काव्यापुरता नव्हता. ९९१ साली इंग्लंडच्या एसेक्समध्ये मॉल्डनजवळच्या एका बेटावर व्हायकिंग, म्हणजे समुद्रातून येणारे उत्तरेकडचे लुटारू, उतरले. ओहोटीला उघडी पडणारी एक अरुंद वाट मध्ये होती. ती अडवून धरली असती तर ते बेटावरच अडकले असते. पण सरदार बिर्ट्नॉथने त्यांना पलीकडे येऊ दिलं. या लढाईवरचं ३२५ ओळींचं काव्य उरलं आहे, त्यात याला ‘ओफरमोड’ हा शब्द वापरलाय. कुणी त्याचा अर्थ धाडसाचा अतिरेक घेतात, कुणी सरळ घमेंड. बिर्ट्नॉथ पडतो. गोड्रिक नावाचा एक जण त्याच्याच घोड्यावर बसून पळतो, आणि घोडा ओळखीचा म्हणून लोकांना वाटतं सरदारच पळाला. फौज फुटते. उरलेल्यांत बिर्टवोल्ड नावाचा म्हातारा भाला उंचावून म्हणतो, ‘बळ जसं कमी होईल, तसं मन अधिक कणखर, काळीज अधिक धारदार.’ लढाई मात्र ते हरतात. त्याच वर्षी इंग्लंडने व्हायकिंगांना १०,००० पौंड मोजून वाटेला लावलं.

बेवुल्फच्या बाबतीतही विग्लाफ शेवटी कुरकुरतोच, की एका माणसाच्या हट्टापायी कितींना भोगावं लागतं. काव्याचा शेवटचा शब्द आहे ‘लोफयेओर्नोस्ट’. बेवुल्फ माणसांत सर्वांत दयाळू होता, सौम्य होता, प्रजेशी गोड होता, आणि कीर्तीचा सर्वांत भुकेला होता. कीर्ती ही त्या लोकांची अमरत्वाची एकमेव खात्री, त्यामुळे ही स्तुती असू शकते. पण एका भुकेल्या राजामुळे प्रजा पोरकी झाली, हेही त्यातच आहे. जिंकलेलं सोनं त्याच्याबरोबर पुन्हा पुरतात, आणि कवी म्हणतो, ते अजून तिथेच आहे, पूर्वीइतकंच निरुपयोगी.

हे काव्य आपल्यापर्यंत पोचलं ते एकुलत्या एका हस्तलिखितातून. इ.स. १००० च्या आसपास दोन लेखनिकांनी ते उतरवलं. एक जण १९३९ व्या ओळीच्या मध्येच थांबला आणि दुसऱ्याने पुढे लिहिलं. त्याच बाडात कुत्र्याच्या तोंडाचा संत ख्रिस्तोफर आहे, पूर्वेकडच्या चमत्कारिक प्राण्यांची जंत्री आहे, आणि शिकंदराने भारतातून ॲरिस्टॉटलला लिहिलं असं मानलेलं एक पत्रही आहे, पोरस राजाची लढाई आणि अचाट जनावरांसकट. म्हणजे ग्रेन्डेलच्या शेजारच्या पानांवर राक्षसांचा देश म्हणून आपण आहोत. १७३१ साली लंडनमध्ये ते जिथे ठेवलं होतं त्या ॲशबर्नहॅम हाउसला आग लागली. मॉल्डनच्या काव्याची मूळ प्रत त्यात जळून गेली. सुदैवाने कुणीतरी आधी नक्कल करून ठेवली होती. ‘बेवुल्फ’च्या पानांच्या फक्त कडा करपल्या, आणि मग वर्षानुवर्षं त्यांची अक्षरं झडत राहिली. आज ते ब्रिटिश लायब्ररीत आहे.

शेवटची पानं तर फारच झिजलेली. तिथे बेवुल्फची चिता पेटलेली असते आणि एक गेआट बाई, केस बांधलेली, शोकाचं गाणं गाते. राजा गेला, आता शेजारच्या टोळ्या जुनी वैरं उकरून येणार, हे तिला कळलेलं आहे. तिच्या ओळींतली बरीच अक्षरं पुसली गेलीत. वाचता येतात ते शब्द म्हणजे अपमान आणि कैद. त्यानंतरची ओळ मात्र शाबूत आहे: आकाशाने धूर गिळला.